पाण्याखालची स्कूटर: लोह्यात बसून केलेली चौकशी

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या ज्या रस्त्यावर लोहा आहे, तो कागदोपत्री नागपूर–रत्नागिरी महामार्गाचा तुकडा. म्हणजे आमच्या गावाजवळून जाणाऱ्या या रस्त्याचं एक टोक थेट समुद्राला टेकतं. पण आमच्याकडच्या गाड्या आजवर तुळजापूर, पंढरपूर आणि फार तर कोल्हापूरची अंबाबाई करून माघारी वळायच्या. गेल्या काही वर्षांत त्या घाट उतरू लागल्या आहेत. दिवाळीच्या सुट्टीत गाड्या भरून लोक मालवण-तारकर्लीला जातात, सिंधुदुर्ग किल्ला पाहतात आणि किल्ल्याच्या आसपास बोटीतून उतरून 'स्कूबा' करून येतात. पाठीवर सिलिंडर, तोंडात नळी, भोवती माशांचा घोळका. हा फोटो आता लोह्यातल्या बऱ्याच मोबाइलांवर डीपी झाला आहे.

त्याच मोबाइलांवर यंदा नवं खूळ आलं, पाण्याखालच्या स्कूटरचं. दोन हातांत धरायचं दोन पंख्यांचं छोटं यंत्र. बटण दाबलं की माणूस पाय न हलवता पाण्यातून सरकत जातो. गावातल्या काही तरुणांनी वर्गणी काढून एक घ्यायचं मनावर घेतलं. कारणं दोन. मालवणला गेलं की चालवता येईल, आणि एरवी लिंबोटीच्या धरणात कुणी बुडालं तर शोधायला कामाला येईल. दुसऱ्या कारणामुळे मी ही चौकशी मनापासून केली, नाहीतर हौसेच्या खरेदीत तिऱ्हाइताने पडू नये.

हे यंत्र नवीन नाही. १९३५ च्या सुमारास तेसेई आणि तोस्की या इटालियन नौदल अधिकाऱ्यांनी दोन माणसांनी घोड्यासारखं स्वार होऊन चालवायचा पाणतीर बनवला. तो धड वळत नसे, म्हणून चालवणारे त्याला 'डुक्कर' म्हणत. १९ डिसेंबर १९४१ च्या पहाटे अशा तीन डुकरांवरून आलेल्या सहा इटालियनांनी अलेक्झांड्रिया बंदरात इंग्रजांच्या 'क्वीन एलिझाबेथ' आणि 'व्हॅलियंट' या दोन युद्धनौकांना सुरुंग लावले. लढाई संपल्यावर यंत्र हौशी माणसांच्या हाती आलं आणि १९६५ च्या 'थंडरबॉल'मध्ये जेम्स बाँडच्या शत्रूंनी ते पडद्यावर नेलं. तरी पुढे कित्येक वर्षं ते बोटीवरून उचलायला दोन माणसं लागावीत असंच जड होतं. शिशाच्या बॅटऱ्या गेल्या, लिथियम आलं, तेव्हा कुठे ते पाठपिशवीत मावायला लागलं.

आज बाजारात साधारण तीन जातीची यंत्रं दिसतात. पहिली दोन हातांनी समोर धरायची, तीन-चार किलोंची, दोन्ही बाजूंना जाळीत बसवलेले पंखे. चिनी सबलू कंपनीचं 'व्हाइटशार्क मिक्स' हे त्यातलं नाव झालेलं. दुसरी जात एकाच पंख्याच्या नळकांड्याची. लेफीटचं 'एस-वन' असं आहे. ते एका हातात धरता येतं, दोन जोडून एक करता येतात, सिलिंडरला किंवा पायालाही बांधता येतं. तिसरी जात खऱ्या पाणबुड्यांची. लांबट, टॉर्पेडोच्या आकाराची, दोरीने कमरेच्या पट्ट्याला अडकवायची, म्हणजे ओढ हाताला न बसता अंगाला बसते. इटलीची सुएक्स, अमेरिकेची डाइव्ह एक्स्ट्राजची 'ब्लॅकटिप' या त्या ओळीतल्या. 'ब्लॅकटिप'ला चक्क ड्रिल मशीनच्या बॅटऱ्या चालतात. आमच्या इथल्या सुताराकडे, फॅब्रिकेशनवाल्याकडे असतात त्याच धाटणीच्या. हे ऐकून गावातल्या पोरांचे डोळे चमकले. पण ते यंत्र 'कॉम्पॅक्ट' म्हणावं असं नाही, आणि किंमतही त्या डोळ्यांना न झेपणारी.

माळेगावच्या यात्रेत घोडा घेणारा आधी दात बघतो, मग चाल. इथे दात म्हणजे बॅटरी. घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर १५० एएच लिहिलेलं असतं. त्याला १२ व्होल्टने गुणलं की १,८०० वॉट-अवर होतात. स्कूटरच्या बॅटरीवरही असाच आकडा छापलेला असतो आणि खरेदीत पहिला तोच वाचायचा. कारण विमान. लिथियम बॅटरी १०० वॉट-अवरपर्यंत असेल तर प्रवाशाला सहसा बरोबर नेता येते. १०० ते १६० च्या मधली असेल तर विमान कंपनीची परवानगी आधी घ्यावी लागते, आणि सुट्या बॅटऱ्या जास्तीत जास्त दोन. १६० च्या वर गेली की प्रवासी सामानात नाहीच. सुटी बॅटरी कायम हातातल्या पिशवीत, चेक-इनच्या बॅगेत कधीच नाही. 'व्हाइटशार्क मिक्स'ची बॅटरी १२२ वॉट-अवरची, म्हणजे परवानगीच्या पट्ट्यात. 'एस-वन'ची शंभराच्या आतली. तुम्ही म्हणाल, लोह्याहून मालवणला कोण विमानाने जातं? गाडीने जाल तर हा प्रश्न नाही, खरं आहे. पण ज्याला एकदा पाण्याखालची चटक लागली तो पुढे अंदमान किंवा लक्षद्वीपला निघतो, आणि तेव्हा ही बॅटरी विमानतळाच्या काउंटरवरच अडते.

जाहिरातीत दुसरा मोठा आकडा असतो वेगाचा: सेकंदाला दीड मीटर, कुठे १.८. हा वेग अंगावर चड्डी-बनियन असलेल्या सडपातळ पोहणाऱ्याचा समजावा. सिलिंडर, जाकीट, नळ्या, पट्टे असा सगळा जामानिमा चढवल्यावर तोच माणूस सेकंदाला एक मीटरच्या आसपास गेला तरी खूप. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि लागणारी ताकद घनाने. म्हणजे वेग दुप्पट करायचा तर बॅटरी आठपट वेगाने जळते. उलट करून पाहा: वेग निम्मा ठेवला तर हिशेबाने त्याच बॅटरीत चौपट अंतर कापलं जातं. प्रत्यक्षात थोडं कमीच, पण दिशा हीच. म्हणून ज्या यंत्राला एकच वेग आहे ते घेऊच नये. किमान दोन, शक्यतो तीन वेग हवेत, आणि सगळ्यात कमी वेगावर ते किती वेळ चालतं हे विक्रेत्याला विचारावं. बहुतेकांना ते सांगता येत नाही.

आता एक गणित जे कुठल्याही खोक्यावर छापलेलं नसतं. ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार हवा भरली तर २,२०० लिटर होते. त्यातली ५० बार म्हणजे ५५० लिटर राखीव, तिला हात लावायचा नाही. उरली १,६५०. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला साधारण २० लिटर हवा ओढतो. १० मीटर खाली दाब दुप्पट, म्हणून ४० लिटर. स्कूटर घेऊन दहा मिनिटं सरळ गेलात, तर सेकंदाला एक मीटरने ६०० मीटर लांब पोचलात आणि ४०० लिटर खर्ची पडली. तिथे बॅटरी बंद पडली. आता पायातल्या फिनांवर परत यायचं, मिनिटाला फार तर २० मीटर. लागतील ३० मिनिटं आणि १,२०० लिटर. शिल्लक आहे १,२५०. म्हणजे समुद्र निवांत असेल, प्रवाह नसेल आणि धाप लागली नसेल, तर जेमतेम पोचाल. यातली एक अट जरी मोडली तरी राखीव हवेला हात. दहा मिनिटांपलीकडे गेलात तर गणितच बसत नाही. म्हणून जाणकार एक तृतीयांश बॅटरी गेली की तोंड फिरवतात, आणि एकटे कधीच जात नाहीत. जोडीदाराकडेही स्कूटर हवी, नाहीतर दोन मिनिटांत तो धुक्यात दिसेनासा होतो. पाच-सहा जणांत एक स्कूटर ही वर्गणीची कल्पना इथेच लंगडी पडते.

वर येण्याचा वेग ही सगळ्यात वाईट भानगड. सिलिंडर लावून वर येताना मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त चढू नये असं आता शिकवतात. जुना नियम १८ चा होता. सेकंदाला एक मीटर जाणाऱ्या स्कूटरचं तोंड सरळ वर धरलं तर वेग होतो मिनिटाला ६०. दहा मीटरवरून पृष्ठभागावर येताना छातीतली हवा दुप्पट फुगते. श्वास रोखलेला असेल तर फुप्फुस फाटू शकतं, आणि त्यासाठी फार खोल असावं लागत नाही. खाली जाताना कान आहेतच. दोन्ही हात यंत्रावर अडकलेले असतील तर नाक दाबून कान मोकळे करायला हात कुठला, आणि तरंगायला जाकिटात भरलेली हवा सोडायला तरी कुठला? मला म्हणूनच सिलिंडर लावून उतरणाऱ्यासाठी दोन हातांची स्कूटर पटत नाही. नुसता मास्क-स्नॉर्कल लावून पृष्ठभागावर हिंडायला ती झकास. खाली जायचं तर एका हाताची, बोट काढलं की आपोआप थांबणारी आणि सोडली तरी दोरीने अंगाला अडकलेली राहील अशीच घ्यावी.

खोलीच्या आकड्याला फसण्याचं कारण नाही. छोटी यंत्रं साधारण ४० मीटरपर्यंत चालतात, आणि हौशी पाणबुड्याची शेवटची मर्यादाही ४० च आहे. पहिला 'ओपन वॉटर' कोर्स केलेल्याला तर १८ मीटरच मुभा. ६० मीटरच्या यंत्राला जास्त पैसे मोजणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

गावातल्या एका मोटार रिवायंडिंगवाल्याला मी मोबाइलवर या यंत्राची उघडलेली चित्रं दाखवली. हयात सबमर्सिबल मोटारी खोलण्यात गेलेली. वेग, कॅमेरा, अ‍ॅप यातलं काहीच त्याने पाहिलं नाही. "पंखा ऱ्हाऊ द्या बाजूला. बॅटरीचं झाकण दाखवा," म्हणाला. झाकणाभोवतीचं ते बारीक रबरी कडं, ओ-रिंग, त्याने चित्र मोठं करून निरखलं. "एकच कडं हाय की दोन? येकाच कड्यावर भरवसा नगं. आन् हे गावात भेटंल का? नायतर सीझनभर पडून ऱ्हाईल." साऱ्या चौकशीत याहून नेमका सल्ला मला मिळाला नाही. अशा बऱ्याच यंत्रांत मोटार पाण्यातच फिरते; ब्रशलेस असते, तिला ओलं झाल्याचं काही वाटत नाही. मरते ती बॅटरीची खोली. कड्यावर एक केस आडवा पडला, वाळूचा एक कण बसला, तरी दहा मीटरवर पाणी वाट काढतं. दरवेळी झाकण लावण्याआधी कडं काढून, बोटाने फिरवत, टॉर्चच्या उजेडात तपासायचं. कंपनीने दिलेलं ग्रीस कडं नुसतं चमकेल इतकंच लावायचं, थापायचं नाही. नवं यंत्र आलं की आत टिश्यू पेपर ठेवून आधी हौदात बुडवावं. समुद्रातून वर आलं की गोड्या पाण्यात बराच वेळ ठेवून, पंख्याच्या आसातून मीठ जाईपर्यंत धुवायचं. बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून महिनोन् महिने ठेवायची नाही, साधारण निम्मी ठेवायची. आणि आमच्या भागात मे महिन्यात, पारा ४२-४३ वर असताना, बंद गाडीच्या डिकीत तर ती चुकूनही ठेवू नये.

मराठवाड्यातल्या माणसाला आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड. आपल्या तळ्यात तोलून पाहिलेली साडेतीन किलोंची स्कूटर, जी तिथे ना बुडते ना तरंगते, ती मालवणला ८०-९० ग्रॅमच्या जोराने वर पळते. हातातून सुटली की गेली. खुद्द पाणबुड्यालाही समुद्रात दोन-अडीच किलो शिसं जास्त बांधावं लागतं. म्हणून बरोबर येणाऱ्या वजनाच्या चकत्या किंवा काढता-घालता येणारा तरंगता भाग आहे का, ते पाहून घ्यावं.

एवढं सगळं जमलं तरी मालवणात हे यंत्र चालवणार कुठे? तिथे पर्यटक जे 'स्कूबा' करतो त्यात प्रशिक्षक त्याला धरून नेतो आणि धरूनच वर आणतो. त्या वीस-पंचवीस मिनिटांत स्कूटरचं काही काम नाही, आणि कुठलाही शहाणा प्रशिक्षक ती हातात देणार नाही. पाणी स्वच्छ असतं ते पावसाळा ओसरून गाळ बसल्यावर, साधारण नोव्हेंबरपासून पुढे. पावसाळ्यात सगळं बंद. शिवाय किल्ल्याच्या परिसरातलं हे पाणी १९८७ साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यातलं आहे. प्रवाळाजवळ पंखा चालवला की तळाचा गाळ उठून त्यावरच बसतो. वेगात जाताना पायातल्या फिनने काय मोडलं ते दिसतही नाही. काय चालतं आणि काय नाही, हे वनखात्याला विचारूनच उतरावं.

स्कूटरला साजेसं पाणी कोकणात आहे, नाही असं नाही. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटर आत कान्होजी आंग्र्यांच्या नावाची आंग्रिया बँक ही बुडालेली पठारी जागा आहे, तिचा माथाच साधारण वीस मीटर खोल. तिथे अंतरं मोठी, प्रवाह जोराचे. पण तिथे जायचं म्हणजे मुक्कामी बोट हवी आणि अनुभवही तेवढाच. जानेवारी २०२४ मध्ये नौदलातून निवृत्त झालेली 'आयएनएस गुलदार' ही ऐंशी मीटरहून लांब नौका निवती रॉकजवळ तळाशी ठेवून पाण्याखालचं संग्रहालय करण्याची राज्याची योजना आहे. अशा नौकेला बाहेरून वळसा घालायला स्कूटर उत्तम. आत घुसायला मात्र नाही.

शिकायचं ठिकाणही तिथेच आहे. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा डायव्हिंगची संस्था, लोक 'इसदा' म्हणतात ती, तिथे रीतसर कोर्स होतात. ओपन वॉटर कोर्सला तीन-चार दिवस लागतात आणि त्यात समुद्रातल्या चार डुबक्या असतात. पाडी या आंतरराष्ट्रीय संस्थेचा पाण्याखालच्या स्कूटरचा वेगळा कोर्स आहे. त्यात दोन डुबक्या, आणि तो बारा वर्षांच्या पोरालाही करता येतो. यंत्र आधी आणि कोर्स नंतर, असं करणारे मला बरेच भेटले. लायसन्स काढायच्या आधी बुलेट घेणाऱ्यांच्या गावात याचं नवल करायला नको.

परतीच्या वाटेबद्दल मात्र कुणी बोलत नाही, म्हणून सांगतो. पाण्याखाली दाबामुळे नायट्रोजन रक्तात मुरतो आणि वर आल्यावर हळूहळू निघतो. म्हणून एका डुबकीनंतर १२ तास आणि अनेक डुबक्यांनंतर १८ तास विमानात बसू नये असं सांगतात. हा सल्ला ६०० मीटरच्या वरच्या उंचीला धरून आहे. आंबोलीचा घाटमाथा जवळजवळ ७०० मीटरवर आहे. सकाळी दोन-तीन डुबक्या मारून, दुपारी मासे खाऊन, संध्याकाळी घाट चढून रातोरात लोहा गाठायचा ही आपल्याकडची रीत. स्कूटरने माणूस नकळत जास्त खोल आणि जास्त वेळ राहतो, त्यामुळे त्याला तर हे जास्तच लागू. शेवटच्या डुबकीनंतर ती रात्र कोकणातच काढावी. हॉटेलचं एका रात्रीचं भाडं वाचवायचं हे ठिकाण नव्हे.

आता लिंबोटी. मन्याड नदीवरचं हे धरण, ऊर्ध्व मानार प्रकल्प, आमच्या तालुक्यातलं मोठं पाणी. इथे, किंवा खाली गोदावरीत, बुडालेल्याला शोधायला ही स्कूटर काही कामाची नाही, हे माझं मत आता पक्कं आहे. काळ्या मातीच्या पावसाळी पाण्यात हाताची बोटं दिसत नाहीत. जिथे दिसत नाही तिथे वेग म्हणजे डोकं आपटणं. तळाशी बाभळीची खोडं, जुन्या तारा, मासेमारीची जाळी. पंख्यात जाळं अडकलं की शोधणाऱ्यालाच शोधावं लागेल. अशा पाण्यात माणूस दोरीला बांधून, दोरीच्या खुणांवर, हाताने चाचपत तळ पिंजतो, आणि तेही शिकलेल्या माणसाचं काम. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात पूर आला तेव्हा बचाव पथकं धावली ती बोटी, दोर आणि जाकिटं घेऊन. समुद्रावरही तेच. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघे गेले. त्या दिवशी प्रश्न पाण्याखालचा नव्हताच, बोटीवरचा होता.

तर वर्गणीवाल्या मंडळींना माझं सांगणं एवढंच. ज्याला वर्षातून एकदा मालवणला जायचं आहे त्याने स्कूटर घेऊ नये. शिकून घ्यावं आणि जिथे मिळेल तिथे भाड्याने चालवून पाहावी. ज्याने ओपन वॉटर केलं आहे, ज्याचा कायमचा जोडीदार ठरला आहे आणि जो वर्षाला दोन-तीनदा तरी समुद्रात उतरतो, त्याने एका हाताची, शंभर वॉट-अवरच्या आतली, तीन वेगांची, झाकणाला दोन कडी असलेली स्कूटर घ्यावी. जोडीदाराचीही त्याच कंपनीची असू द्या, म्हणजे बॅटऱ्या अदलाबदल होतात. घेताना ओ-रिंगचे दोन जादा संच मागून घ्या, आणि बाहेरून मागवणार असाल तर आयात शुल्क, जीएसटी आणि दुरुस्तीला परत पाठवायचं कुरिअर हे तिन्ही किमतीत धरूनच 'स्वस्त' म्हणा. आणि वर्गणी लिंबोटीसाठीच गोळा झाली असेल, तर तिच्यातून लाइफ जॅकेट, तरंगणारा दोर आणि दोन-चार फेकायच्या रिंगा घ्या. दिवाळीच्या सुट्टीत धरणावर गर्दी होते, त्याआधी त्या काठावर पोचल्या पाहिजेत.